मूल हवंय आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं: कोणती चालू ठेवायची, कोणती बदलायची, कोणती नाकारायची

प्रेडनिसोलोन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या स्टिरॉइडची एकच छोटी गोळी दोन अगदी वेगळ्या बायकांच्या हातात येते. एकीला ल्युपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. रोग आटोक्यात राहावा म्हणून ती वर्षानुवर्षं औषधं घेते आहे, आणि आता मूल हवं तर हे सगळं बंद कर, असं घरातलं प्रत्येक माणूस तिला सांगतंय. दुसरी धडधाकट आहे. तिची तीन आयव्हीएफ चक्रं फसली. 'तुमची प्रतिकारशक्तीच भ्रूण टिकू देत नाही' असं तिला कुणीतरी सांगितलं, आणि आता ती गोळी सुरू करायला आतुर आहे. पहिलीने भीतीपोटी औषध सोडणं आणि दुसरीने आशेपोटी ते सुरू करणं, या दोन्ही चुका सारख्याच महागात पडतात.

मात्रा ठरवणं डॉक्टरांचं काम. या लेखाचा उपयोग त्यांच्यासमोर बसण्याआधी तयारी करायला आणि बसल्यावर नेमके प्रश्न विचारायला करा.

पायरी १: गोळी कोणत्या आजारासाठी आहे, ते एका वाक्यात लिहा

कागद घ्या. प्रत्येक औषधासमोर ते कशासाठी चालू आहे ते लिहा. 'किडनीतला ल्युपस', 'आमवात', 'आतड्याचा क्रोन्स', 'बसवलेली किडनी शरीराने नाकारू नये म्हणून' अशी उत्तरं आली, तर तुमच्यापुढचा प्रश्न हा की रोग काबूत ठेवून बाळाला सुरक्षित असं औषध कोणतं. त्यासाठी पायरी २ पासून पुढे वाचा.

उत्तर 'भ्रूण रुजावं म्हणून' किंवा 'एनके पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढल्यात म्हणून' असं आलं, तर तुम्हाला कोणताही सिद्ध झालेला रोग नाही आणि औषध एका अंदाजावर दिलं जातंय. तुम्ही आधी पायरी ५ वाचा.

पायरी २: घाईने काहीही सोडू नका, पण दिवस राहण्याआधी यादी तपासून घ्या

सगळ्यात मोठा घोळ चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर होतो. आनंदात आणि धास्तीत त्याच दिवशी सगळ्या गोळ्या कपाटात जातात. ल्युपस किंवा आमवात अशा वेळी उसळतो, आणि गरोदरपणात उसळलेला रोग बाळाला बहुतेक सुरक्षित औषधांपेक्षा जास्त धोका देतो. गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, बाळाची खुंटलेली वाढ, वाढलेला रक्तदाब यांचं मूळ पुष्कळदा चालू असलेल्या रोगातच असतं. म्हणून यादीची तपासणी आधीच, शांतपणे व्हायला हवी.

ढोबळमानाने औषधांचे तीन गट पडतात.

पहिला गट दिवस राहण्याआधीच थांबवायच्या औषधांचा. मायकोफेनोलेट यात सर्वांत वर. ते चालू असताना दिवस राहिले तर ४५ ते ४९ टक्के गर्भ पडतात आणि जन्मलेल्या बाळांपैकी २३ ते २७ टक्क्यांत कानाचे, ओठ-टाळूचे, हृदयाचे दोष आढळतात. ते किमान ६ आठवडे आधी बंद हवं, आणि त्याच्या जागी दुसरं औषध बसून रोग शांत राहतो का हे पाहायला त्याहून बराच वेळ हवा. मेथोट्रेक्सेटही याच गटातलं. संधिवाततज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना १ ते ३ महिने आधी थांबवायला सांगतात. काही ठिकाणच्या औषधाच्या माहितीपत्रकात ६ महिने लिहिलेले असतात. आकडे वेगळे दिसले म्हणून गोंधळू नका, आपल्या डॉक्टरांकडून एक तारीख ठरवून घ्या आणि फोलिक अॅसिड चालू ठेवा. हेच औषध नळीत राहिलेला गर्भ विरघळवायलाही वापरतात. तसं इंजेक्शन झालं असेल तर पुढच्या प्रयत्नाआधी किती थांबायचं, हे विचारायला विसरू नका.

लेफ्लुनोमाइडची गोष्ट निराळी. ते बंद केल्यावरही शरीरात खूप काळ, कधीकधी वर्ष-दोन वर्षं रेंगाळतं. म्हणून ते 'धुऊन' काढावं लागतं: कोलेस्टिरामाइनची पावडर ८ ग्रॅम, दिवसातून ३ वेळा, ११ दिवस. त्यानंतर रक्तातली पातळी लिटरला ०.०२ मिलिग्रॅमच्या खाली आल्याची खात्री दोन तपासण्यांनी करतात, दोन्हींत किमान १४ दिवसांचं अंतर ठेवून. टोफॅसिटिनिबसारख्या नव्या गोळ्यांबद्दल गरोदरपणातली माहिती फार थोडी आहे, त्यामुळे त्याही आधी बदलतात.

सायक्लोफॉस्फमाइड बाळाला धोका देतंच, शिवाय बीजकोशांतला साठाही जाळतं. ते सुरू होणार असेल आणि मूल पुढे कधीतरी हवं असेल, तर पहिल्या डोसआधीच स्त्रीबीजं गोठवण्याबद्दल आणि बीजकोशांना झोपवून ठेवणाऱ्या मासिक इंजेक्शनबद्दल विचारा. रोग जिवावर बेतलेला असताना हा प्रश्न क्षुल्लक वाटतो आणि राहून जातो. म्हणून सोबतच्या माणसाने तो विचारावा असं मी आग्रहाने सांगेन. पुरुषांनाही हे लागू आहे. त्यांनी शुक्राणू आधी गोठवून ठेवावेत.

दुसरा गट चालू ठेवण्याच्या औषधांचा, आणि हा गट लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ल्युपसमध्ये गरोदरपणभर चालू ठेवायचंच. ते सोडल्यावर रोग उसळण्याची शक्यता वाढते. अझाथायोप्रिन वजनाच्या दर किलोला दिवसाला २ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. सल्फासॅलाझिन फोलिक अॅसिडच्या जोडीने चालतं. पुरुषांत मात्र ते शुक्राणूंची संख्या घटवतं, आणि थांबवल्यावर ती पुन्हा वाढते. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन रक्तातली पातळी, रक्तदाब आणि किडनी यांवर नजर ठेवून चालतात. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला २०१४ साली प्रत्यारोपित गर्भाशयातून जगातलं पहिलं बाळ जन्मलं, तेव्हा आई याच घराण्यातली औषधं घेत होती. त्या उपचारात मुलं झाल्यावर गर्भाशय काढूनही टाकतात, म्हणजे ही औषधं आयुष्यभर घ्यावी लागत नाहीत.

तिसरा गट 'घ्या, पण जपून' असा. प्रेडनिसोलोन यात येतं. वारेत एक एन्झाइम असतं, ते प्रेडनिसोलोनचा बहुतेक भाग निकामी करतं आणि बाळापर्यंत साधारण दहावा हिस्सा पोचतो. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन मात्र वार सहज ओलांडतात. बाळाची फुप्फुसं लवकर पक्व व्हावीत म्हणून देतात ते हेच. म्हणून 'स्टिरॉइड' एवढा शब्द ऐकून थांबू नका, नाव विचारा. प्रेडनिसोलोनचा त्रास होतो तो मुख्यतः आईला: साखर चढते, रक्तदाब चढतो, जंतुसंसर्ग होतो, गर्भाची पिशवी वेळेआधी फुटू शकते. रोग सांभाळेल अशी कमीत कमी मात्रा हे इथलं सूत्र.

इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब यांसारखी इंजेक्शनं पहिल्या तिमाहीत बाळापर्यंत जवळपास जात नाहीत, शेवटच्या तिमाहीत भरपूर जातात. सर्टोलिझुमॅबच्या रेणूची रचना वेगळी असल्याने ते नगण्य जातं. त्यामुळे ही इंजेक्शनं कुठल्या महिन्यापर्यंत घ्यायची हे रोग किती हट्टी आहे त्यावर ठरतं.

यादी तपासताना प्रतिकारशक्तीशी संबंध नसलेली औषधंही पुढे ठेवा. किडनीच्या ल्युपसमध्ये प्रथिनं जाऊ नयेत म्हणून दिलेल्या रॅमिप्रिल, लोसार्टानसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या बाळाच्या किडनीला घातक ठरतात. सांधेदुखीच्या आयब्युप्रोफेनसारख्या साध्या गोळ्या स्त्रीबीज फुटण्यात अडथळा आणू शकतात, आणि २० आठवड्यांनंतर त्या टाळायच्या असतात.

पायरी ३: रोग ६ महिने शांत असू द्या

ही पायरी सगळ्यांत जास्त संयम मागते. वय पुढे सरकतंय, घरचे विचारतायत, आणि डॉक्टर म्हणतात अजून सहा महिने थांबा. तरीही थांबा. ल्युपस किमान ६ महिने शांत असताना राहिलेलं गरोदरपण आणि उसळलेल्या ल्युपसमध्ये राहिलेलं गरोदरपण यांच्या निकालात फार मोठा फरक असतो. किडनी प्रत्यारोपणानंतर साधारणपणे किमान एक वर्ष थांबायला सांगतात, आणि त्या काळात किडनी स्थिर असावी, ती नाकारली जाण्याचा प्रसंग घडलेला नसावा.

हा काळ वाया जात नाही. औषधं बदलायची ती याच काळात. रक्तदाब, लघवीतली प्रथिनं, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), ल्युपस असेल तर कॉम्प्लिमेंट (रक्तातली प्रतिकारशक्तीची प्रथिनं) आणि डीएनएविरोधी प्रतिपिंडं यांचे आकडे नोंदवून ठेवा. पुढे गरोदरपणात काही बिघडलं तर तुलनेला हेच कामी येतात. गोवर-रुबेला, कांजिण्या यांच्या जिवंत लसी राहिल्या असतील तर त्या चालू औषधांवर घेता येतील का ते विचारा. घेतल्यास त्यानंतर महिनाभर तरी दिवस राहू द्यायचे नसतात. वाट पाहताना गर्भनिरोधक लागणारच. रक्तात फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडं (गुठळ्या आणि गर्भपात घडवू शकणारी) असणाऱ्यांनी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेऊ नयेत, कारण गुठळी होण्याचा धोका वाढतो.

दोन तपासण्या आवर्जून करून घ्या. पहिली फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडांची: ल्युपस अँटिकोअॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीनविरोधी. एकदा पॉझिटिव्ह येऊन भागत नाही. १२ आठवड्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह आली तरच ती धरतात. दुसरी अँटी-रो, म्हणजे ल्युपससारख्या आजारांत आढळणाऱ्या आणखी एका प्रतिपिंडाची. ही प्रतिपिंडं असतील तर बाळाच्या हृदयाचा विद्युतप्रवाह अडण्याचा धोका साधारण २ टक्के असतो, आणि आधीच्या बाळाला तसं झालं असेल तर १३ ते १८ टक्के. अशा वेळी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देतात आणि साधारण १६-१८ व्या आठवड्यापासून २६ व्या आठवड्यापर्यंत बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करतात.

पायरी ४: रोग असताना आयव्हीएफ करायचं असेल तर

रोग असला म्हणून आयव्हीएफची दारं बंद होत नाहीत. धोका येतो तो इस्ट्रोजेनच्या उसळीतून आणि बीजकोश अति उत्तेजित होण्यातून. त्यामुळे चक्र सुरू होण्याआधी संधिवाततज्ज्ञ किंवा किडनीतज्ज्ञ आणि वंध्यत्वतज्ज्ञ यांचं एकमेकांशी बोलणं व्हायला हवं. तुमच्यामार्फत चिठ्ठ्या फिरवून नव्हे, प्रत्यक्ष.

विचारायचं ते असं. अँटॅगोनिस्ट पद्धत (बीज वेळेआधी फुटू न देणारी, अति उत्तेजनेचा धोका कमी असलेली) वापरणार का? लेट्रोझोल ही इस्ट्रोजेन बनणं रोखणारी गोळी देऊन ते खाली ठेवता येईल का? बीजं पक्व करणारं शेवटचं ट्रिगर इंजेक्शन एचसीजी या संप्रेरकाऐवजी अॅगोनिस्ट प्रकारचं देऊन आणि सगळी भ्रूणं गोठवून अति उत्तेजनेचा धोका टाळता येईल का? एकच भ्रूण सोडणार ना? जुळ्यांचं गरोदरपण निरोगी बाईलाही जड जातं; ल्युपसग्रस्त किंवा एका किडनीवर जगणाऱ्या बाईने तो भार स्वतःहून ओढवून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडं असतील तर उत्तेजनाच्या काळात हेपॅरिन (गुठळी होऊ न देणारं इंजेक्शन) लागतं. बीजं काढण्याआधी किती तास ते थांबवायचं आणि नंतर कधी सुरू करायचं, याच्या वेळा लेखी मागा.

पायरी ५: रोग नाही, तरी प्रतिकारशक्ती दाबायची?

अर्धं रक्त बापाचं असलेलं बाळ आईचं शरीर कसं काय नाकारत नाही, हा प्रश्न प्रतिकारशक्तीचे अभ्यासक पीटर मेडावार यांनी १९५३ साली मांडला. अवयव प्रत्यारोपणाच्या भाषेत पाहिलं तर बाळ म्हणजे परका अवयवच. या विचारातूनच पुढे एक सोपी कल्पना रुजली: मूल राहत नाही म्हणजे आईची प्रतिकारशक्ती हल्ला करते, ती दाबली की मूल राहील.

शरीरात घडतं ते इतकं सरळ नाही. 'नॅचरल किलर' म्हणजे एनके पेशी. नावात 'किलर' आहे म्हणून बायका धास्तावतात, आणि रिपोर्टमध्ये त्या वाढलेल्या दिसल्या की स्वतःच्याच शरीराला दोष देऊ लागतात. हे पाहून मला दर वेळी वाईट वाटतं. गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भाशयाच्या अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के एनके पेशीच असतात. त्या तिथे भ्रूणाला मारायला जमत नाहीत. वारेला रक्त पुरवणाऱ्या धमन्या रुंद व्हायला त्या मदत करतात. रक्तातल्या एनके पेशी निराळ्या, त्यांची कामं निराळी. त्यामुळे हातातून काढलेल्या रक्तातल्या एनके पेशी मोजून गर्भाशयात काय चाललंय ते कळत नाही.

मग औषधांचं काय? प्रेडनिसोनची (शरीरात त्याचं प्रेडनिसोलोनच होतं) नीट चाचणी झाली आहे. वारंवार भ्रूण न रुजलेल्या ७१५ बायकांवर चीनमध्ये झालेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या बायकांना रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोन, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. मूल झालं ते ३७.८ टक्के विरुद्ध ३८.८ टक्के, म्हणजे फायदा शून्य. उलट, चाचणी पॉझिटिव्ह येऊन लगेच गळून जाण्याचं प्रमाण प्रेडनिसोन घेणाऱ्यांत सुमारे १७ टक्के होतं, इतरांत सुमारे १०. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती ११.८ टक्के विरुद्ध ५.५ टक्के. 'घेऊन तर पाहू, नुकसान काय?' या प्रश्नाचं उत्तर या आकड्यांत आहे.

त्याआधी १९९७ साली कॅनडातल्या अभ्यासाने असंच दाखवलं होतं. वारंवार गर्भपात झालेल्या आणि रक्तात प्रतिपिंडं असलेल्या २०२ बायका होत्या. प्रेडनिसोन आणि अॅस्पिरिन घेणाऱ्यांत जिवंत बाळांचं प्रमाण खात्रीने म्हणता येईल इतकं वाढलं नाही, पण अपुऱ्या दिवसांची प्रसूती ६२ टक्क्यांवर गेली. पोकळ गोळीवाल्यांत ती १२ टक्के होती. म्हणूनच फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडांमुळे गर्भपात होत असतील तर आज उपचार म्हणून स्टिरॉइड देत नाहीत. कमी मात्रेतलं अॅस्पिरिन आणि हेपॅरिन देतात. ही तपासणी आणि हा उपचार मात्र सोडू नका. वारंवार गर्भपाताच्या 'प्रतिकारशक्तीच्या' कारणांत भक्कम पुरावा असलेलं कारण हेच.

इंट्रालिपिड म्हणजे सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या फॉस्फोलिपिडचं शिरेतून द्यायचं पोषण. ज्यांना तोंडाने खाता येत नाही अशा रुग्णांसाठी ते बनवलं आहे. अंड्याची किंवा सोयाबीनची अॅलर्जी असेल तर ते धोक्याचं. आयव्हीआयजी हे शिरेतून द्यायचं औषध रक्तदात्यांच्या प्रतिपिंडांपासून बनतं. त्याने तीव्र डोकेदुखी, क्वचित गुठळ्या होऊ शकतात. आयव्हीएफमध्ये ही दोन्ही नेमाने द्यावीत असं युरोपातली प्रजननतज्ज्ञांची संघटना एश्रे म्हणत नाही. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याचा उपाय तर १९९९ सालच्या अभ्यासात उलटाच पडला: टोचलेल्यांत यश ३६ टक्के, न टोचलेल्यांत ४८. २००२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तो संशोधनाच्या परवानगीबाहेर वापरायला मनाई केली.

तुम्हाला यांपैकी काही सुचवलं गेलं असेल, तर तीन प्रश्न विचारा. मला नेमका कोणता रोग आहे आणि तो कोणत्या तपासणीने ठरला? या औषधाने जिवंत बाळाचं प्रमाण वाढल्याचं तुलनात्मक अभ्यासात दिसलंय का? आणि पडलेल्या गर्भाची गुणसूत्रं तपासली का? हा तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण पहिल्या तिमाहीतल्या जवळपास निम्म्या गर्भपातांमागे भ्रूणाच्या गुणसूत्रांतला दोष असतो, आणि त्यावर कोणतीही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी चालत नाही.

गोळ्या आधीच सुरू झाल्या असतील तर हा लेख वाचून रातोरात थांबवू नका. तीन आठवड्यांहून जास्त प्रेडनिसोलोन घेतलं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं मंदावतं. ते डॉक्टरांच्या सांगण्यानुसार पायरीपायरीने उतरवायचं असतं.

पायरी ६: दिवस राहिल्यावर

ठरलेली औषधं ठरल्याप्रमाणे. १२ व्या आठवड्यापासून, निदान १६ व्याच्या आत, कमी मात्रेतलं अॅस्पिरिन सुरू करायचं का ते विचारा. ल्युपस, किडनीचा आजार, प्रत्यारोपण यांत ते सहसा देतात, कारण गरोदरपणातल्या रक्तदाबाचा धोका त्याने कमी होतो. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी गरोदरपणात घसरते, म्हणून ती वारंवार मोजावी लागते. प्रेडनिसोलोन चालू असेल तर साखरेची तपासणी लवकर आणि पुन्हा करा. ताप आला तर घरी वाट पाहत बसू नका. ही औषधं तापाची धार बोथट करतात, संसर्ग आतून वाढत राहतो.

२० आठवड्यांनंतर रक्तदाब चढला आणि लघवीत प्रथिनं आली, की पेच पडतो: ही गरोदरपणाची व्याधी की किडनीतला ल्युपस उसळला? उपचार एकमेकांविरुद्ध आहेत, कारण पहिल्यात शेवटी प्रसूती करावी लागते, दुसऱ्यात औषध वाढवावं लागतं. कॉम्प्लिमेंट घसरलं, डीएनएविरोधी प्रतिपिंडं वाढली, लघवीत लाल पेशी दिसल्या तर कौल ल्युपसकडे झुकतो. गरोदरपणापूर्वी नोंदवलेले आकडे इथे सोन्याच्या मोलाचे ठरतात. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणं, एकाएकी सूज, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पायरी ७: बाळंतपण आणि त्यानंतर

बरेच आठवडे स्टिरॉइड घेतलं असेल तर प्रसूतीच्या किंवा सिझेरियनच्या वेळी जादा हायड्रोकॉर्टिसोन लागू शकतं. दाखल होताना हे स्वतःहून सांगा. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना तुमची फाइल वाचायला वेळ मिळेलच असं नाही.

अंगावर पाजणं बहुतेक औषधांवर चालतं: प्रेडनिसोलोन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, अझाथायोप्रिन, टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, अडालिमुमॅबसारखी इंजेक्शनं. प्रेडनिसोलोन दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर गोळीनंतर ४ तासांनी पाजणं चांगलं. मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट, लेफ्लुनोमाइड आणि सायक्लोफॉस्फमाइडवर पाजू नये. बाळंतपणानंतरचे महिने ल्युपस आणि आमवात उसळण्याचे असतात, म्हणून तपासणीची तारीख प्रसूतीआधीच घेऊन ठेवा. बाळ आल्यावर आईला स्वतःची आठवण राहत नाही.

शेवटची गोष्ट बाळाच्या लसींची. शेवटच्या तिमाहीत इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅब घेतलं असेल, तर त्याचा अंश बाळाच्या रक्तात कित्येक महिने राहतो. अशा बाळाला बीसीजी ही क्षयरोगाविरुद्धची जिवंत लस घातक ठरू शकते. इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या आईच्या बाळाला तिसऱ्या महिन्यात बीसीजी दिल्यावर ते दगावल्याची नोंद २०१० साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. औषधानुसार ६ ते १२ महिने थांबायला सांगतात. जिथे जन्मल्या जन्मल्या बीसीजी टोचतात, तिथे हे सांगायला दुसरा दिवसही उशिराचा ठरतो. म्हणून प्रसूतीला निघायच्या पिशवीत एक कागद ठेवा: औषधाचं नाव, शेवटच्या इंजेक्शनची तारीख, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बीसीजी देऊ नये'. रोटाव्हायरसच्या लसीबद्दलही त्यांनाच विचारा. बाकीच्या, जिवंत नसलेल्या लसी वेळेवरच द्यायच्या.